माझ्या डोक्यावरचा समुद्र

झाशीला बदली होऊन मी त्या घरात राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर चौकटीवर पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरात माझ्या येण्याची तारीख लिहिलेली. तिच्याखाली 'पुढील बदली' असं लिहून सुमारे चार वर्षांनंतरची तारीख घातलेली. रंग अजून ओला होता. घरमालक हातात ब्रश घेऊन जिन्याच्या तळाशी उभे होते आणि मान तिरकी करून आपलंच अक्षर न्याहाळत होते.

"काका, हे काय?"

"नोंद. वॅगनवर असते ना, तशी. कारखान्यातून कधी निघाली, परत कधी न्यायची. नाहीतर कुणाला कळणार कसं?"

"पण मी काही वॅगन नाही."

"तेच तर," ते म्हणाले, "वॅगन निदान उलट बोलत नाही."

आमच्या ओळखीची ही सुरुवात. लक्ष्मी गेटच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली मी, वर ते आणि काकू. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात काकांची उभी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते रोज सकाळी नऊला बूट घालून तयार होत आणि मग घरातच कुठेतरी कामावर जात. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून झाशीत. महाराष्ट्रात ते लग्नकार्यापुरतेच गेलेले. त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. कपाटाला ते अजून 'फडताळ' म्हणत आणि त्याच वाक्यात 'बिल्कुल बढिया' असंही म्हणत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. किंवा राहत असतील, पण त्यांना ती अपुरी वाटत. प्रत्येक भाडेकरूला ते त्याच्या गावच्या स्टेशनाच्या नावाने हाक मारत. माझ्या आधी 'मिरज' राहून गेली होती, तिच्या आधी 'इटारसी' आणि त्याचं कुटुंब. मी भुसावळची, म्हणून मी 'भुसावळजी'. हा 'जी' झाशीचा. तो तिथे मांजरालाही लावतात. ऑफिसात माझं नाव, घरी भुसावळ. महिन्याभरात मी त्या नावाला ओ देऊ लागले, इतकी की एकदा स्टेशनवर भुसावळच्या गाडीची घोषणा झाली आणि मी मागे वळून पाहिलं.

काकूंना मात्र ते नुसतं 'अगं' म्हणत. काकू मालवणच्या. मी एकदा विचारलं, त्यांना मालवण का म्हणत नाही?

"तिथे गाडी कुठे जाते?" काका गंभीरपणे म्हणाले. "स्टेशनच नाही. मग नाव कसं लावणार?"

काकू चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभ्या होत्या. त्या घरात गॅसलाही चूल म्हणत. मागे न बघता त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं बिननावाची राबत्येय बघ या घरात."

तारखा घालायची काकांची हौस माझ्या चौकटीवर थांबली नव्हती. मिक्सरच्या बुडाला तारीख, शिलाई मशीनला तारीख, पाण्याच्या तिन्ही पिंपांवर 'धुतले' आणि 'पुढील धुणे'. माझ्या स्कूटरच्या मडगार्डवर एके दिवशी 'ब्रेक तपासले' असं उमटलं. ऑफिसातले लोक विचारत, ही सरकारी गाडी आहे का? शेजाऱ्यांची शिडी त्यांनी एकदा मागून आणली आणि परत दिली तेव्हा तिच्या तिसऱ्या पायरीवर 'सावध' असं लिहिलं होतं. शेजाऱ्यांना ते लागलं. त्यांनी दोन महिने बोलणं टाकलं. मग त्यांचाच भाऊ त्या तिसऱ्या पायरीवरून पडला. तेव्हा ते पेढे घेऊन आले. काकांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पायरी बदलली का?"

माझ्या चौकटीवरची तारीख चुकली. माझी बदली त्याच्या पाच महिने आधी आली. काकांना ते मनापासून लागलं. उशीर झाला असता तर त्यांनी समजून घेतलं असतं, पण वेळेआधी कुणी हलायचं म्हणजे त्यांना शिस्त मोडल्यासारखं वाटे.

या माणसाला घर सोडून कुठेही जाता येत नसे. कारण नळ.

आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, पहाटे, पाऊण तास. नळ अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात होता. तिथून पिंपं भरायची, मग पिंपांतलं पाणी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. थेट नळाला मोटर लावायची नाही, कारण ते शेजाऱ्यांचं पाणी ओढणं. काकांनी आयुष्यात रेल्वेचा एक खिळा घरी आणला नव्हता, ते शेजाऱ्यांचं पाणी कुठून ओढणार? नळाच्या दिवशी ते खड्ड्यापाशी पाटावर बसत आणि पाणी यायच्या आधी नळातून जी हवा खोकते तिच्या आवाजावरून आज किती येणार ते सांगत. ते कधी चुकले नाहीत. पण हे काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं नाही. काकूंवर नाही, कारण त्या नळ जोरात उघडतात; भाडेकरूंवर नाही, कारण ते पिंप काठोकाठ भरतात. एकदा ताप अंगात असताना ब्लँकेट गुंडाळून ते खाली आले होते.

"काका, मी भरते ना," मी म्हटलं.

"भुसावळजी, तुम्ही चार वर्षांच्या. नळ कायमचा आहे."

या नळापायी काका-काकू जोडीने कुठेही गेले नव्हते. काकू शेवटच्या मालवणला गेल्या त्या आईच्या तेराव्याला, आणि त्याही एकट्या. त्याला बारा वर्षं झाली होती. दर रविवारी त्यांच्या ताईचा फोन यायचा. ताईंचं घर अगदी किनाऱ्यावर. बोलणं संपलं की ताई अंगणात येऊन फोन समुद्राकडे धरायच्या आणि इथे काकू स्पीकर लावून डोळे मिटून ऐकायच्या. तो आवाज जिन्यावरून खाली माझ्या खोलीपर्यंत यायचा. घरात कुणी बोलायचं नाही, अशी ती दोन-तीन मिनिटं असायची. काका बोलायचे.

"फोनमध्ये घरघर आहे. तपासायला हवा."

त्या हिवाळ्यात ताईंनी फोनवर सांगितलं की गुडघे पार गेले, होळीनंतर मी मुलाकडे बेळगावला राहायला जाते, इथलं घर बंद. त्या रविवारी काकूंनी स्पीकर लावलाच नाही. मी वर चहाला बसले होते. काकूंनी फोन ठेवला, पदराला हात पुसले आणि काकांना सरळ सांगितलं.

"होळीच्या आत मी मालवणला जाणार. तुम्ही आलात तर दोघं. नाही आलात तर मी एकटी. आणि मग परत कधी येणार त्याची तारीख काही मी चौकटीवर लिहिणार नाही."

काकांनी चहा बशीत ओतला, प्यायले नाहीत. "नळाचं काय?" त्यांनी विचारलं.

"नळाला म्हणावं, मालवणला ये," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसरा कुणी असता तर तिकिटं काढली असती. काकांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन, जिन्याकडे बघत, हळूच म्हणाले, "भुसावळजी, तिला काय पाहिजे? समुद्र पाहिजे. समुद्र म्हणजे काय? पाणी आणि मासे. मधे काच घातली की झालं. काचेचं काम मी तीस वर्षं केलंय."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस समुद्राला जायच्या ऐवजी समुद्र वरच्या मजल्यावर आणणार आहे, आणि वरच्या मजल्याखाली मी राहते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि जवळजवळ तेवढीच उंच अशी टाकी करायची ठरली. दतिया गेटच्या लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून आणली. ती त्यांनी करड्या रंगाने रंगवली, डब्यांच्या खिडक्यांच्या चौकटींना देत तशीच. मग आम्ही काच आणायला पुन्हा दतिया गेटला गेलो. मला सोबत नेलं कारण, त्यांच्या मते, काच आणि गाडी यांना मागे गार्ड लागतो.

काचवाला त्यांचा जुना ओळखीचा. कापलेल्या काचा कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने सहज विचारलं, "बाबूजी, जा बताओ, पानी भीतर रैहै कै बाहर?"

"भीतर। मछली पालनी है।"

"तो काँच भीतर सें बैठारियो, चौखट बाहर रैन दियो। पानी खुदई काँच खों चौखट सें चिपकाएँ रैहै।"

काच आतून बसवा, चौकट बाहेर राहू द्या, हा सल्ला ऐकताना काकांचा चेहरा मी पाहिला. मंगळाष्टकं कशी म्हणायची हे कुणी भटजींना शिकवावं तसं त्यांना झालं होतं.

"भैया," ते म्हणाले, "हमने जितने काँच बैठाए हैं, उतने तुमने बेचे नहीं होंगे। एक भी हिला हो तो बताओ।"

"हओ बाबूजी," काचवाला म्हणाला आणि सुतळी बांधू लागला. त्या एका 'हओ'मध्ये, म्हणजे तिथल्या 'बरं'मध्ये, काय होतं ते मला नंतर कळलं.

परतीचा प्रवास मी विसरू शकत नाही. काचा एका ई-रिक्षात उभ्या ठेवल्या. काका आत बसले नाहीत. रिक्षाच्या डाव्या बाजूने, काचांवर हात ठेवून, बूट वाजवत चालत राहिले. मला मागे चालायला लावलं आणि माझी लाल ओढणी झेंड्यासारखी हातात धरायला सांगितली. मागून कुणी आलं की दाखवायची. दतिया गेटपासून लक्ष्मी गेटपर्यंत सगळा बाजार. ऑफिसातल्या दोघांनी मला त्या अवस्थेत पाहिलं. रिक्षावाला दर दहा पावलांनी विनवत होता, "बाबूजी, बैठ काय नईं जाते?" आणि काका दर वेळी सांगत होते, "आप आगे देखो।"

टाकी बनवायला तीन आठवडे लागले. काकू रोज त्या खोलीतून कपडे वाळत घालायला गॅलरीत जायच्या आणि येताना टाकीकडे बघायच्या. त्यांनी बॅग काढून पलंगाखाली ठेवली होती. दर दोन-तीन दिवसांनी तिच्यात एखादी साडी पडायची. काका चिकटपट्टी कापत असले की तिरक्या नजरेने त्या बॅगेकडे बघायचे. कुठलं काम आधी पुरं होतंय याची ती एक शर्यतच चालली होती, आणि दोघांपैकी कुणीही तसं म्हणत नव्हतं.

मासे आधीच आले. काका एका बिननळाच्या दिवशी बसने बरुआसागरला गेले आणि तिथल्या तळ्यावरच्या एका कोळ्याकडून झाकणाच्या डब्यात चार जिवंत मासे घेऊन आले. टाकी तयार नव्हती, म्हणून ते 'तात्पुरत्या बिऱ्हाडी' म्हणजे माझ्या न्हाणीतल्या बादलीत ठेवले. आठ दिवस मी त्यांच्याकडे पाठ करून अंघोळ केली. बादलीवर अर्थातच तारीख होती.

काकू बघायला खाली आल्या. सासरी मासे चालत नसत, त्यामुळे लग्नानंतर त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता. त्या बादलीवर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"हे नुसते बघायचे?" त्यांनी विचारलं.

"मग?" काका म्हणाले.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "याचं सुकं काय झालं असतं, एवढंच मनात आलं."

त्यानंतर काकांनी न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी बसवली.

मग ट्रायलचा दिवस ठरला. मासे त्या दिवशी टाकीत जायचे नव्हते. आधी रिकामी गाडी चालवायची, प्रवासी नंतर, हा नियम. रविवार होता आणि नळाचाही दिवस होता. पहाटे भरपूर पाणी आलं, पिंपं भरली, गच्चीवरची टाकी भरली. अकराच्या सुमारास काकांनी बूट घातले आणि गच्चीच्या टाकीतून आलेली रबरी नळी आपल्या टाकीत सोडली. टाकीखाली जुन्या गोधड्या अंथरल्या होत्या. टाकीच्या कपाळावर 'ट्रायल' आणि त्या दिवसाची तारीख. काका समोर स्टुलावर वही घेऊन बसले आणि पाणी दर बोटभर चढलं की वेळ लिहू लागले. मी साक्षीदार. काकू दारात, हातात भाजी निवडायचं ताट.

अर्धी टाकी भरली. ऊन काचेतून आत आलं आणि समोरच्या भिंतीवर पाण्याची जाळी हलायला लागली. काकू भाजी निवडायच्या थांबल्या. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि काकांनी ते पाहिलं. वहीत लिहायचं विसरले. एवढा वेळ हा माणूस वेडपट वाटत होता, आणि एकदम मला वाटलं, याचं जमावं. देवा, याचं जमू दे.

पाऊण टाकी भरली तेव्हा समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला. काकांनी तो बोटाने पुसला. "घाम आहे," ते म्हणाले.

दुसरा घाम आला. मग तिसरा. मग काच धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू टिक् करून उडाला आणि काकूंच्या ताटात पडला. काका उठले, दोन्ही हात पसरून त्यांनी काचेला आधार दिला, आणि समोरची अख्खी काच, न तडकता, न फुटता, त्यांच्या हातांना बाजूला सारून पुढे आली आणि गोधडीवर पडली. तिच्यामागून समुद्र आला.

घराचं छत दगडी पट्ट्यांचं. दोन दगडांमधल्या सांध्यांतून पाणी खाली जायला किती वेळ लागतो ते मी धावत जिना उतरून पाहिलं. माझ्याआधी पोचलं होतं. गादी, पिठाचा डबा, ऑफिसातून घरी आणलेली एक फाइल, सगळ्यांवर सारखी धार. न्हाणीत मात्र चारही मासे बादलीत शांत होते. त्या दिवशी त्या घरात पाणी जिथे असायला हवं होतं तिथे असलेली ती एकच जागा होती.

मी तावातावाने वर गेले. बोलायचं सगळं जिन्यावरच जुळवलं होतं. पण दारातच थांबले. काका घोटाभर पाण्यात बुटांसकट उभे होते. काकू ओल्या जमिनीवर बसून ती पडलेली काच निरखत होत्या. त्यांनी आधी चौकटीवरून हात फिरवला, मग पट्ट्यांवरून, आणि मग वर बघून म्हणाल्या,

"अहो, तुम्ही खिडकी केलीत."

काकांनी वाकून काचेकडे पाहिलं.

"चौकट आत आणि काच बाहेर. पाऊस आत येऊ नये म्हणून बसवतात तशी. पण इथे पाणी आतच होतं हो. त्याला बाहेर जायचं होतं. त्याला कोण अडवणार?"

तीस वर्षं त्यांनी बाहेरचं पाणी बाहेर ठेवलं होतं. हजारो लोक त्यांच्या काचांमागे कोरडे झोपून गावोगाव गेले होते. आतल्या पाण्याचा जोर किती असतो, हा हिशेब त्यांना कधी करावाच लागला नव्हता. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मला त्यांचा विलक्षण राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती. दोन्ही एकदम. मग काकूंना हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. मी हसले. काकांना मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

घरातलं दोन दिवसांचं पाणी वाहून गेलं होतं. शेजारचे शिडीवाले दोन बादल्या घेऊन आले, न मागता. जाताना म्हणाले, "दद्दा, इत्ती फिकर काय करत? कभऊँ बाहर जाओ तो हमसें कै दियो, पानी भर देहैं।" काकांनी मान डोलावली. 'पाणी आम्ही भरू' हे वाक्य चाळीस वर्षं गल्लीत पडून होतं, त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

माशांना परत सोडायचं ठरलं. पुढच्या बिननळाच्या दिवशी आम्ही तिघं बसने बरुआसागरला गेलो. डबा माझ्या मांडीवर होता. लग्नानंतर किती वर्षांनी दोघं एका बसमध्ये शेजारी बसताहेत हे काकूंनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काका सगळा वेळ बसच्या खिडकीची काच बोटाने ढकलून बघत होते. ती हलत होती. त्यांना ते सहन होत नव्हतं.

तळ्याकाठी ऊन छान होतं. वर जुना किल्ला, पाण्यावर दोन-चार बदकं. काकांनी मासे सोडले, चार मोजून. तेवढ्यात काकू चपला काढून, साडी थोडी वर धरून, सरळ पाण्यात चालत गेल्या. गुडघ्यापर्यंत. तिथे थांबल्या, आणि त्यांनी मान वर करून दीर्घ श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. आणि तशाच, पाठमोऱ्या, म्हणाल्या,

"याला वास नाही."

"कसला?" काकांनी काठावरून विचारलं.

"खारा."

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. एखाद्या भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाल्या. पण येताना बसमध्ये काकांनी खिडकीला हात लावला नाही. काकूंच्या ओल्या साडीचा काठ त्यांच्या पॅन्टला लागत होता. त्यांनी पाय आक्रसून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाच्या वेळी माझं दार वाजलं. काका बूट घालून उभे होते. हातात वहीचं पान, त्यावर 'चार्ज सोपवणे' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

"पिंपं तीन. पाट एक. मोटरची चावी एक. नळ एक." त्यांनी वाचून दाखवलं. मग मला खड्ड्यापाशी पाटावर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. नळातून हवा खोकली. "किती येणार?" त्यांनी विचारलं.

"बऱ्यापैकी?" मी अंदाजाने म्हटलं.

"तीन पिंपं आणि वर पाऊण बादली." आलं तेवढंच. "सही करा," ते म्हणाले. मी सही केली. त्यांचा हात कागदावरून लवकर उचलला गेला नाही. रेल्वेचा चार्ज सोडतानाही त्यांना एवढं जड गेलं नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नळाच्या पाण्याने झाकलं.

होळीला तीन आठवडे असताना दोघं निघाले. वरच्या दाराच्या चौकटीवर काकांनी नवी नोंद केली, 'गेले' आणि तारीख, 'परत' आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख. काकूंनी कुलूप लावताना ती वाचली. माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, पण नवऱ्याला काही म्हणाल्या नाहीत. बॅग त्यांनी स्वतःच उचलली.

त्यानंतर दर नळाच्या दिवशी पहाटे माझा फोन वाजायचा. नमस्कार नाही, काही नाही. "भुसावळजी, आलं?" मी सांगायची, आलं. "किती?" मी सांगायची. मागून ती घरघर ऐकू यायची. "पिंप काठोकाठ भरू नका." असं पहिल्या नळाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला. पाचव्याला फोन आला नाही. सहाव्यालाही नाही. पंधरावा दिवस येऊन गेला, चौकटीवरची तारीख उलटली, वरचं कुलूप तसंच.

माझं धाबं दणाणलं. वेळेआधी हललेलं न चालणारा हा माणूस, आणि आता वेळ टळली तरी पत्ता नाही. नळाचं पाणी भरून झालं तशी मी पाटावर बसूनच फोन लावला. बऱ्याच वेळाने काकूंनी उचलला.

"काकू, सगळं ठीक ना? काका कुठे आहेत?"

"ते होय?" काकूंचा आवाज त्या घरघरीतून ओरडल्यासारखा येत होता. "ते पाण्यात आहेत गं."

"पाण्यात?"

"उजाडल्यापासून. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे आहेत. लाट आली तरी मागे सरत नाहीत. रोजचंच झालंय ते. ताईने जायचं पुढे ढकललं, म्हणते, हा माणूस बाहेर निघाल्याशिवाय घर कसं बंद करू? काही काम होतं का? हाक मारू त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "नुसतं सांगा, पाणी भरलं."

फोन ठेवून मी त्यांच्या रंगाच्या डब्याशेजारची टर्पेंटाइनची बाटली शोधली, एका चिंधीचा बोळा केला आणि जिना चढून वर गेले. चौकटीवरची 'परत'च्या पुढची तारीख मी नीट पुसून टाकली.